चामडीचा लिम्फोमा आणि चामडीवरचे जंतू: ओपीडीत परत परत विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात स्किन ओपीडी चालवताना हे प्रश्न इतक्या वेळा येतात की म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं. बरेचसे प्रश्न तपासणी झाल्यावर, चप्पल घालता घालता, दारात उभं राहून विचारलेले असतात, म्हणजे खरे प्रश्न तेच. तुमच्या डॉक्टरनी तुमच्यापुरतं वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

चामडीचा लिम्फोमा म्हणजे काय? चामडीचा कॅन्सरच ना?

हो आणि नाही. चामडीच्या स्वतःच्या पेशींचा कॅन्सर वेगळा. लिम्फोमा हा पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, आणि इथं त्यातल्या टी-सेल नावाच्या पेशी बिघडून चामडीत ठाण मांडून बसतात. ह्यात सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे मायकोसिस फंगॉइड्स, तो बहुतेक वेळा हळूहळू, वर्षानुवर्षं चालतो. दुसरा सेझरी सिंड्रोम, त्यात सगळं अंग लाल पडतं, खाज असह्य होते आणि बिघडलेल्या पेशी रक्तातही फिरायला लागतात. आजार तसा दुर्मिळ आहे, अमेरिकेतला हिशोब बघितला तर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण ६ ते १० नवे पेशंट, पुरुष जास्त, वय बहुतेकदा पन्नाशीच्या पुढं.

रिपोर्टवर फंगॉइड्स लिहिलंय. म्हणजे फंगसच की ओ?

नाही. ह्या आजारात फंगस कुठंच नाही. १८०६ मधे पॅरिसच्या आलिबेर नावाच्या डॉक्टरनी ज्या पेशंटचं वर्णन केलं त्याच्या गाठी अळंब्यांसारख्या दिसत होत्या, नाव त्यावरून पडलं आणि चिकटलं. फंगसच्या गोळ्या खाऊन ह्याला काही फरक पडत नाही, पण सहा-सहा महिने त्या खाल्लेले लोक येतात.

मग जंतूंमुळं हा कॅन्सर होतो का?

जंतूंमुळं हा कॅन्सर *सुरू* होतो असं आजपर्यंत सिद्ध झालेलं नाही. पण सुरू झालेल्या आजाराला जंतू पुढं ढकलतात, वाढवतात, औषधाला दाद देऊ देत नाहीत, ह्याचे पुरावे बरेच आहेत आणि दरवर्षी वाढायलेत. ह्या दोन गोष्टींत फरक आहे आणि लोक (काही डॉक्टरसुद्धा) त्याची गल्लत करतात.

तुम्ही कुठंतरी वाचलं असेल की पोटातला एक लिम्फोमा अँटीबायोटिकनं बरा होतो. ते खरं आहे. जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतूमुळं होणारा माल्ट लिम्फोमा सुरवातीच्या टप्प्यात जंतू मारला की बऱ्याच पेशंटमधे विरघळतो, हे १९९३ पासून माहिती आहे. युरोपच्या काही भागांत गोचिडीतून पसरणाऱ्या बोरेलिया जंतूचा आणि चामडीच्या बी-सेल लिम्फोमाचा संबंध दिसलाय. पण आपण ज्याबद्दल बोलायलो तो टी-सेलचा आजार, त्यात असा एक जंतू मारला आणि विषय संपला असं नाही.

कोणता जंतू? आणि तो करतो तरी काय?

मुख्य नाव स्टॅफिलोकोकस ऑरियस. आपण त्याला स्टॅफ म्हणू. गळू, केसतूड, पू झालेली जखम, ह्या सगळ्यांमागं बहुतेकदा हाच असतो, म्हणजे तुमचा जुना ओळखीचाच. धडधाकट माणसांतही शंभरातल्या वीस-तीस जणांच्या नाकात तो कायम राहतो आणि काही त्रास देत नाही. चामडीच्या टी-सेल लिम्फोमात मात्र वेगवेगळ्या अभ्यासांत जवळपास निम्म्या पेशंटच्या अंगावर किंवा नाकात तो सापडलाय, आणि सगळं अंग लाल पडलेल्यांत त्याहूनही जास्त.

आता काय करतो ते. हा जंतू काही विषं सोडतो, त्यातल्या काहींना सुपरअँटिजेन म्हणतात. एरवी शरीरात एखादा जंतू शिरला तर त्याला ओळखणाऱ्या टी-सेल फार थोड्या असतात, हजारात एकही नसते, आणि तेवढ्याच जाग्या होतात. सुपरअँटिजेन ही ओळखपाळख बाजूला ठेवून टी-सेलला थेट बाहेरून जोडून टाकतं, त्यामुळं शंभरातल्या पाच ते तीस टी-सेल एकदम खवळतात. म्हणजे निरोप द्यायचा होता एका घरी आणि कुणीतरी देवळाच्या भोंग्यावरून ओरडलं "टँकर आला", सगळं गाव घागरी घेऊन रस्त्यावर. ह्या गर्दीत खवळलेल्या चांगल्या टी-सेल जी रसायनं सोडतात ती शेजारच्या कॅन्सरच्या टी-सेलला मिळतात. कोपनहेगन विद्यापीठातल्या नील्स ओडुम ह्यांच्या गटानं दाखवलं की स्टॅफच्या एन्टेरोटॉक्सिन ए नावाच्या विषामुळं ह्याच मार्गानं कॅन्सरच्या पेशीतलं स्टॅट-३ नावाचं प्रथिन चालू होतं, आणि स्टॅट-३ चालू राहिलं की पेशी वाढत राहते, मरत नाही.

एवढ्यावर थांबत नाही. ह्याच जंतूचं दुसरं एक विष आहे, अल्फा टॉक्सिन. ते चांगल्या टी-सेल मारतं, पण कॅन्सरच्या टी-सेल त्याला बऱ्यापैकी पचवतात. म्हणजे ज्या पेशींनी कॅन्सरशी लढायचं त्या कमी, आणि ज्यांनी मरायला पाहिजे त्या शाबूत. २०२४ मधे कोपनहेगनच्या ह्याच गटानं आणखी एक दाखवलं, की सेझरीच्या पेशंटच्या कॅन्सर पेशी स्टॅफच्या विषांच्या सहवासात ठेवल्या तर त्या कॅन्सरच्या औषधांनाही कमी दाद देतात. मला विचाराल तर ओपीडीच्या दृष्टीनं सगळ्यात कामाची गोष्ट हीच. औषध चालू आहे, डोस बरोबर आहे, तरी फरक नाही, तर औषध बदलायच्या आधी अंगावर पू कुठं आहे ते बघावं.

पण आमच्याच माणसाच्या अंगावर हा जंतू एवढा कामून बसला? रोज आंघोळ करतात ओ ते.

आंघोळीचा दोष नाही, हे आधी डोक्यातून काढा, आणि पेशंटला तर मुळीच ऐकवू नका. चांगल्या चामडीला स्वतःचं संरक्षण असतं, वरचा थर घट्ट असतो आणि चामडी जंतू मारणारी छोटी प्रथिनं तयार करते, शिवाय स्टॅफ एपिडर्मिडिससारखे निरुपद्रवी जंतू जागा अडवून बसलेले असतात. लिम्फोमाच्या पेशी जी रसायनं सोडतात त्यांनी हा थर पातळ होतो, फिलॅग्रिनसारखी चामडी घट्ट ठेवणारी प्रथिनं कमी होतात, जंतू मारणारी प्रथिनंही कमी पडतात. चामडी कोरडी होते, भेगा पडतात, खाजवून ओरखडे होतात. स्टॅफला आणखी काय पाहिजे. मग स्टॅफ आजार वाढवतो, आजार चामडी अजून बिघडवतो, आणि हे चक्र चालू राहतं.

हे माणसांवर सिद्ध झालंय का नुसतं उंदरांवर?

दोन्हीकडं काम झालंय, पण दोन्हीचं वजन सारखं नाही. २०१८ मधे प्रसिद्ध झालेल्या एका कामात असा आजार होणारे खास उंदीर पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले तर त्यांचा आजार बराच कमी राहिला. माणसांबाबत जास्त बोललं जातं ते २०१९ च्या डेन्मार्कमधल्या कामाबद्दल. पुढच्या टप्प्यातल्या आठ पेशंटना दवाखान्यात ठेवून शिरेतून जोरदार अँटीबायोटिक दिले, त्यानंतर तोंडावाटे. स्टॅफ गेला, आणि त्याबरोबर चामडीतला दाह आणि कॅन्सर पेशींचा जोरही कमी झाला, काहींना त्याचा फायदा बरेच महिने टिकला.

आठच पेशंट, हे लक्षात ठेवा. त्यावरून "अँटीबायोटिकनं लिम्फोमा बरा होतो" असं म्हणणं म्हणजे पहिल्या पावसावर सोयाबीन पेरून मोकळं होणं. पण दिशा दिसते, आणि निष्कर्ष प्रयोगशाळेतल्या कामाशी जुळतो. आता ज्या औषधाकडं लक्ष लागलंय ते एन्डोलायसिन, म्हणजे स्टॅफची भिंत फोडणारं एन्झाइम जे बाकीच्या निरुपद्रवी जंतूंना फारसं धक्का लावत नाही. ते अजून संशोधनातच आहे, मेडिकलवर मागू नका.

मग मेडिकलवरून अँटीबायोटिकचा कोर्स आणून घेतला तर?

नको. खरंच नको. एकतर वरचा सगळा उपचार दवाखान्यात, तपासण्या करत, पुढच्या टप्प्यातल्या पेशंटवर केलेला होता. चट्टे कोरडे आहेत, पू नाही, ताप नाही, तर बहुतेकांना अँटीबायोटिकची गरजच नसते. दुसरं, आपल्याकडं औषधाला न जुमानणारा स्टॅफ, ज्याला एमआरएसए म्हणतात, तो चांगलाच पसरलाय. अर्धा कोर्स खाऊन सोडला की तुम्ही त्याला शिकवून तयार करता, आणि उद्या खरोखर रक्तात जंतू गेला तर शिल्लक औषधं कमी. आधी जखमेचा स्वॅब (कापसाच्या काडीवर घेतलेला नमुना), मग कल्चर रिपोर्ट (त्या नमुन्यात कोणता जंतू वाढतो ते), त्यात कोणतं औषध लागू पडतं ते बघून गोळी. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. पेशंट जास्तच आजारी असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता सुरू करतील, तो निर्णय त्यांचा.

ट्यूब लावली की बरं वाटतं, बंद केली की परत येतं. असं का?

परवा एक मामा आले, धोतराच्या सोग्यातून कॅरीबॅग काढली आणि टेबलावर ओतली. सगळ्या ट्यूबा अर्ध्या पिळलेल्या, काहींची टोपणं गायब, एकीला दोरा गुंडाळलेला. प्रत्येकीवर मागं बारीक अक्षरात तेच, क्लोबेटासोल, सोबत एक फंगसचं औषध, सोबत एक अँटीबायोटिक. "मेडिकलवाल्यानं दिली, लई गुणकारी हाय म्हनला." गुणकारी असणारच, क्लोबेटासोल हे जोरदार स्टिरॉइड आहे, खाज दोन दिवसांत बसवतं. २०१८ साली सरकारनं असल्या बऱ्याच स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, पण कागदावरचा नियम आणि बाजारातलं काउंटर ह्यांची भेट अजून व्हायचीय.

गंमत अशी की स्टिरॉइड मलम हे सुरवातीच्या मायकोसिस फंगॉइड्सचं खरंखुरं औषधसुद्धा आहे. पण निदान झाल्यावर, मोजून, कुठल्या चट्ट्यावर किती दिवस हे ठरवून. निदानाआधी चोपडलं तर चट्टे दबतात, बायोप्सीत काही दिसत नाही, आणि वर्षं जातात. फंगस असेल तर तो ह्याच ट्यूबनं अजून पसरतो ते वेगळंच.

बायोप्सी आधी केली होती, नॉर्मल आली. परत कशाला?

कारण ह्या आजारात हे नेहमीचं आहे. सुरवातीला सूक्ष्मदर्शकाखाली इसब आणि लिम्फोमा जवळपास सारखे दिसतात. लक्षणं सुरू झाल्यापासून पक्कं निदान व्हायला तीन-चार वर्षं लागणं हे परदेशातल्या मोठ्या सेंटरलाही होतं. त्यामुळं डॉक्टर दोन-तीन ठिकाणचे तुकडे घेतील, आधी दोन ते चार आठवडे स्टिरॉइड मलम बंद ठेवायला सांगतील, तुकड्यातल्या पेशी रंगवून ओळखणारी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री लावतील, कधी टी-सेलची जनुकीय तपासणी, अंग लाल असेल तर रक्तातल्या बिघडलेल्या पेशी मोजणारी फ्लो सायटोमेट्री. बायोप्सीनं कॅन्सर पसरतो ही अफवा आहे. तुकडा तांदळाच्या चार-पाच दाण्यांएवढा असतो, सुन्न करून काढतात, एक-दोन टाके.

पांढरे चट्टे आहेत. कोड आहे, शिबं आहेत, का महारोग?

आपल्या सावळ्या चामडीत मायकोसिस फंगॉइड्सचा एक प्रकार फिकट चट्ट्यांनी येतो, आणि तो तरुणांत, अगदी पोरांतसुद्धा दिसतो. हा प्रकार सहसा संथ असतो, लाईट थेरपीला, म्हणजे मशीनमधल्या अतिनील किरणांच्या उपचाराला, चांगली दाद देतो. कोडात चट्टा दुधासारखा पांढरा होतो, ह्यात फिकट राहतो. शिबं बहुतेक छाती-पाठ-मानेवर, बारीक कोंड्यासकट. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुतेक वेळा स्पर्श कळत नाही, ह्यात कळतो. पण घरी टाचणी टोचून निदान करत बसू नका. आणि कुष्ठरोग निघाला तरी त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो, तोंड लपवायचं कारण नाही. लिम्फोमाचे चट्टे बहुतेक कंबर, कुल्ले, मांड्या अशा कपड्याखालच्या जागी असतात, त्यामुळं बाया माणसं दाखवायला लाजतात आणि उशीर होतो. लेडी डॉक्टर मागा, मिळतात.

नाकात काडी घालून कशाची तपासणी केली?

स्टॅफचं मुक्कामाचं ठिकाण नाक. अंगावरचा घालवला तरी नाकातून बोटावर, बोटावरून खाजवलेल्या जागी. नाकात सापडला तर मुपिरोसिन नावाचं मलम नाकात लावायला देतात, साधारण दिवसातून दोनदा पाच दिवस. दुखत नाही, शिंक येते.

डेटॉल, कडुलिंबाचा पाला, ब्लीच, काय टाकू आंघोळीच्या पाण्यात?

डेटॉल फाटलेल्या चामडीला झोंबतं आणि कोरडं पाडतं, नको. कडुलिंबाचं पाणी टाकून अंगावर घेतलं तर सहसा नुकसान नाही, पण त्यानं हा आजार हटत नाही, आणि पाल्याचा वाटलेला लेप उघड्या जखमेवर थापू नका.

ब्लीचच्या आंघोळीबद्दल लोक यूट्यूबवर बघून येतात. तो खरा उपाय आहे, परदेशात वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या लिम्फोमा पेशंटना सांगतात, पण तिथं टबभर पाणी असतं आणि ब्लीच फार म्हणजे फारच पातळ, ०.००५ टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडं एप्रिल-मे मधे आठवड्यातून एकदा नळ, तिथं टब कुठला. आमच्या इथल्या एका पोरानं ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर, हौदात टाकतात ती, अंदाजानं बादलीत टाकून बापाला आंघोळ घातली. पाठ भाजल्यासारखी झाली. तर टीसीएल नाही, फरशीचं नाही, अंदाजानं काहीच नाही. डॉक्टर क्लोरहेक्सिडिन ह्या जंतुनाशकाचं वॉश देऊ शकतात, ते बादलीभर पाण्यात जमतं. नाहीतर साधं पाणी, कोमट, मऊ साबण, घासणी-वजरी बंद. बोअरच्या जड पाण्यानं चामडी जास्त ताणते, म्हणून अंग टिपल्या टिपल्या ओलसर असतानाच व्हॅसलिन किंवा खोबरेल लावा. ह्यात खर्च नाही म्हणून लोकांना ते औषध वाटत नाही, पण थर टिकवणं हे जंतू मारण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

घरच्यांना लागेल का?

लिम्फोमा लागत नाही. शेजारी झोपा, एका ताटात जेवा, लेकरं मांडीवर घ्या. स्टॅफ मात्र हातानं, टॉवेलनं फिरतो, म्हणून टॉवेल, वस्तरा, अंथरूण वेगळं ठेवा, कडक उन्हात वाळवा, पेशंटची नखं कापा. एवढंच. वेगळी खोली, वेगळं ताट असलं काही नाही.

ऊसतोडीला जायचंय, जाऊ का? कापूस वेचणं चालंल का?

चट्टे थोडे, कोरडे, जखमा नाहीत, तर काम बंद करायची गरज नाही. उसाची पानं चिरतात, कपाशीची बोंडं बोटं सोलतात, म्हणून पूर्ण बाह्या, हातमोजे, आणि रात्री पालावर परतल्यावर अंग धुवायला पाणी मिळेल का ते मुकादमाला आधीच विचारा. उघड्या जखमा असतील, अंग लाल असेल, किंवा केमो, मोगामुलिझुमॅब (बिघडलेल्या टी-सेलवर चालणारं इंजेक्शन) अशी औषधं चालू असतील तर हंगाम सोडावा लागेल. उचल घेतलेली असते हे मला माहितीय, म्हणूनच दिवाळीनंतर नाही, आधी दाखवायला या.

लाईट थेरपी कशी काम करते? जंतू मरतात का त्यानं?

ह्यात वापरतात ते नॅरोबँड यूव्हीबी किरण बिघडलेल्या टी-सेलला मारतात, हे मुख्य काम. त्यानं चामडीवरच्या जंतूंची वस्तीही बदलते असं दिसलंय, पण जंतू मारायला म्हणून लाईट देत नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने यावं लागतं. किनवट किंवा परांड्याहून येणाऱ्याला एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी जड जाते, आणि पेशंट मधेच गायब होण्याचं कारण बहुतेकदा तेच असतं. तुमच्या जवळच्या मेडिकल कॉलेजला, नांदेड, लातूर, अंबाजोगाई, संभाजीनगरची घाटी, आधी मशीन चालू आहे का ते फोन करून विचारा. पुढच्या टप्प्यातला आजार असेल तर संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारायचं, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.

दही-ताक खाल्लं तर चांगले जंतू वाढून फायदा होईल का?

ताक प्या, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात प्यायलाच पाहिजे. चामडीच्या लिम्फोमावर त्याचा काही उपयोग आहे असं कुणी दाखवलेलं नाही. अंगाला दही फासणं मात्र नको.

किती वर्षं काढतील आमचे आबा?

चट्टे अंगाच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी भागावर असतील, गाठी नसतील, तर आयुष्य बाकीच्यांएवढंच, हे मी धीर द्यायला म्हणत नाही, अभ्यासात तसंच दिसतं. गाठी, जखमा, रक्तात पेशी, हे आलं की गणित बदलतं. आणि पुढच्या टप्प्यातल्या पेशंटच्या मृत्यूमागं कॅन्सरइतकाच इन्फेक्शनचा मोठा वाटा असतो, चामडीतून रक्तात गेलेला स्टॅफ त्यात पुढं.

मग कोणत्या गोष्टीला थांबायचं नाही?

ताप किंवा थंडी वाजून येणं. जखमेतून पू, घाण वास, चट्ट्याभोवती लाली वाढत जाणं आणि ती जागा गरम लागणं. एकदम सुस्ती, बडबड, लघवी कमी. सलाइनसाठी गळ्यात किंवा छातीत नळी बसवलेली असेल तर नुसता ताप पुरे. म्हाताऱ्या माणसाला कधी ताप येतच नाही, उलट अंग गार पडतं, ते जास्त वाईट. अशा वेळी सकाळची ओपीडी, सोमवारचा डॉक्टर, पावणे येऊन जाऊ दे, असलं काही नाही, रात्री असली तरी गाडी करा किंवा १०८ ला फोन लावा, आणि जाताना जुनी फाइल आणि त्या सगळ्या ट्यूबा सोबत घ्या.